देवाजवळ टांगलेली माळ

आमच्या गावात पोरं दोनच हंगामांत जन्मायची. एक भाताच्या पेरणीच्या सुमाराला आणि दुसरा थंडीत. यात देवाची करणी काही नव्हती. रत्नागिरीपासून आत, एस्टी सोडून दीड कोस चढ चढलं की आमची वाडी. वाडीतले सगळे धडधाकट पुरुष मुंबईला, कुणी गोदीत, कुणी गिरणीत. घरी यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. गणपतीपासून नऊ महिने मोजा, ज्येष्ठ येतो. शिमग्यापासून मोजा, मार्गशीर्ष येतो. शाळेच्या दाखल्यावर अर्ध्या गावाची जन्मतारीख एक जून असायची आणि लोक म्हणायचे, मास्तर आळशी. मास्तर आळशी होतेच, पण आमच्या वाडीपुरती ती तारीख फारशी खोटी नसायची.

आज हे सांगताना हसू येतं. तेव्हाही बायका यावर हसायच्या. हसण्याशिवाय हातात दुसरं काही नव्हतं म्हणून हसायच्या, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यापासून माझं डोकं फिरलेलं आहे ते आहेच.

माझ्या वहिनीची ही गोष्ट. एकोणीसशे पन्नासनंतरची, स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. मी तेरा वर्षांची. वडील वारलेले, दादा मुंबईला गोदीत, घरात आई, वहिनी, तिची पोरं आणि मी. वहिनी माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी, पण मी नणंद म्हणून मला "वन्सं" म्हणायची, "तुमी" म्हणायची. मी शेंबडी पोर तिला "वयनी, तू" म्हणायची. तिची पाच बाळंतपणं झाली होती आणि तीन पोरं हाताशी होती.

पाचव्या वेळी ती जवळजवळ गेलीच होती. सुईणीने हात टेकले, मग डोलीत घालून एस्टीपर्यंत आणि तिथून शहरातल्या दवाखान्यात. रक्त थांबायला तीन दिवस लागले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा दिवस राहिले तर ही वाचणार नाही. पुन्हा मूल नको." आईने विचारलं, नको म्हणजे काय करायचं? बाई म्हणाल्या, ऑपरेशन करता येतं. आत्ता इथेच आहे तर आत्ताच करू. फक्त नवऱ्याची सही हवी.

नवरा मुंबईत. बाईंनी छापील कागद दिला. पोट वहिनीचं, जीव वहिनीचा, मरणार वहिनी, आणि सही दादाची. वहिनीला सही येत नव्हती हे खरं, पण अंगठा होता की. तो कुणी मागितला नाही.

कागद गावच्याच एका माणसाबरोबर मुंबईला गेला. आमच्या वाडीतले बाराजण तिथे एका खोलीत राहायचे. दादाला वाचता येत नव्हतं, म्हणून खोलीत जो पत्रं वाचायचा त्याने हाही कागद मोठ्याने वाचला. पुढे काय झालं ते नेणाऱ्यानेच आईला येऊन सांगितलं, अगदी मजा सांगावी तसं. एकजण म्हणे ओरडला, "अरं, बायको काय पाडा हाय खच्ची करायला?" बाराही जण हसले. दादाही हसला असणार. कागद कोरा परत आला. त्याला एक चिठ्ठी टाचलेली होती, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात: असले कागद पुन्हा पाठवू नयेत.

चिठ्ठी मीच वाचून दाखवली. वहिनी चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "बरा झाला. नायतरी माका भ्या वाटत होता कापाकापीचा." आणि भाकरी उलटली. तिच्या त्या 'बरा झाला'चा मला आजही राग येतो. तिचा नाही, त्या शब्दांचा.

मग फाल्गुन-चैत्रात गावच्या शाळेत जीप आली. जीपमध्ये एक नर्सबाई, एक धोतर-कोटवाले सरकारी गृहस्थ आणि एक गोरा साहेब. संततिनियमनाचं काहीतरी नवीन आलंय, बायकांनी यावं, अशी दवंडी झाली. मला आईने घरी हाकललं, पण त्यांच्याकडे एक छापील कागद होता आणि बायकांतली वाचता येणारी अख्ख्या वाडीत मी एकटीच. म्हणून मला कोपऱ्यात बसू दिलं, वर तंबी दिली की ऐकायचं नाही, नुसतं वाचायचं.

नर्सबाईंनी पिशवीतून माळ काढली. हिरवे आणि लाल मणी. आधी दहा हिरवे, मग नऊ लाल, मग परत हिरवे. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिला मणी सरकवायचा, मग रोज एक. हिरवा मणी असेल त्या दिवशी नवऱ्याजवळ जायला हरकत नाही. लाल असेल त्या दिवसांत लांब राहायचं, म्हणजे दिवस राहणार नाहीत. "औषध नाही, ऑपरेशन नाही, काही नाही," बाई कौतुकाने म्हणाल्या. "आणि तुम्हा लोकांना माळ ओढायची सवय असतेच. साहेबांना ती कल्पना फार आवडली."

आम्हाला माळ ओढायची सवय! आमच्या घरात माळ ओढायचे ते वडील, संध्याकाळचे, ओटीवर पाय पसरून. त्या वेळी आई गोठ्यात असायची. पण साहेबाला कुणीतरी सांगितलं असणार की हे देवभोळे लोक, यांना मणी द्या, मणी हे समजतील.

वहिनीने धीर करून विचारलं, "बाय, मुंबैक बायका कायतरी रबराचा वापरतात म्हंतात. त्या नाय मिलनार?" हे तिला कुठून कळलं होतं देव जाणे. बाई म्हणाल्या, "ते तुम्हाला नाही जमायचं. त्याला स्वच्छ पाणी लागतं, आडोसा लागतो, समज लागते." पाणी वहिनी रोज खालच्या विहिरीवरून दहा खेपा करून वर आणायची. आडोसा तिने पाच वेळा केला होता, शेणाने सारवलेल्या खोलीत सुईणीच्या समोर. आणि समज तिला नव्हती म्हणे.

मग शेजारची काकी उठली. तिच्या तोंडाला वाडी वचकून असे. "बाय, माझा घो येनार गणपतीला, पाच दिस. ते पाच दिस लाल निघाले तर काय करायचा? गणपतीला सांगू, औंदा जरा फुडच्या आठवड्यात ये म्हनून?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसले, ऐकायचं नाही असं सांगितलेलं असताना. साहेबाने नर्सबाईंना विचारलं असावं की या का हसतायत. बाईंनी इंग्रजीत दोन-तीन शब्दांत काहीतरी सांगितलं. साहेबही हसला आणि वहीत लिहून घेतलं. काकीचा प्रश्न त्या दोन-तीन शब्दांत मावणारा नव्हता. तो एकच प्रश्न साहेबाला नीट समजला असता तर त्याने माळा पिशवीत भरून जीप फिरवायला हवी होती.

साहेब वाईट नव्हता. सात समुद्र ओलांडून आमच्या धुळीत आला होता, पोरांना जवळ घेत होता. हे मला आज कळतं, आणि तरी त्याचा राग येतो. इतक्या लांबून आलास बाबा, तर एवढं तरी विचारायचंस की इथे नवरे कधी घरी असतात.

वहिनीने माळ घेतली. दुसरं काय होतं तिच्याकडे? घरी येताना तिने ती पदराच्या गाठीत बांधली होती. आईने ती गाठीतून काढून घेतली, धुतली, हळदकुंकू लावलं आणि देवाच्या फळीशेजारी वडिलांची तुळशीची माळ टांगलेली होती त्याच खुंटीवर टांगली. "माळ ती माळ," आई म्हणाली. "कुटंतरी टाकायची वस्तू नाय. तुजा जीव राखनार हाय ती." आईला वहिनी मरू नये असं मनापासून वाटत होतं. ती सुनेला छळणारी सासू नव्हती. म्हणून तर तिने माळ घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी ठेवली.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाई बाहेर बसली की तिला शेत चालायचं, गोठा चालायचा, डोंगरावरून लाकडं आणणं चालायचं. देव चालायचा नाही. पडवीच्या टोकाला, गुरांच्या अंगाला, घोंगडीवर बसायचं. चौथ्या दिवशी न्हायची, पाचव्या दिवशी देवाच्या खोलीत पाय. त्याच्या आधी त्या भिंतीकडे तिची सावलीसुद्धा जायची नाही.

पहिल्याच महिन्यात वहिनी पडवीतून मला म्हणाली, "वन्सं, आज पयला मनी. तुमी सरकवाल काय?" मी उठलेच होते. आई म्हणाली, "ऱ्हावं दे. दुसऱ्यानं मनी ओढून पुन्य लागत नाय. ज्याची माळ त्यानं ओढायची." आणि मी खाली बसले.

कागदावर पांढऱ्यावर काळं होतं, पहिल्या दिवशी पहिला मणी. मीच तो सगळ्या बायकांना वाचून दाखवला होता. पण आईपुढे बोलायची माझी छाती नव्हती, आणि चार दिवसांनी असं काय आभाळ कोसळणार, असंही वाटलं. पाचव्या दिवशी वहिनी देवाच्या खोलीत गेली, हात जोडले आणि पहिला मणी सरकवला. दर महिन्याला तसंच. त्या चार दिवसांचं काय करायचं, हे नर्सबाईंनी सांगितलं नव्हतं, साहेबाने विचारलं नव्हतं आणि मी बोलले नव्हते.

वहिनी माळ एक दिवस चुकली नाही. चैत्र, वैशाख, लावणीचे दिवस, अंग चिखलाने भरलेलं असायचं, तरी हात धुऊन आधी मणी. तिला बोटांवर मोजता यायचं, पण ती माळच मोजायची. श्रावण संपत आला तशी ती घाबरी झाली. दादा यायच्या दिवसांत कोणते मणी येतायत, हे ती रोज बघायची. त्या वर्षी ती गणपतीच्या आधीच बाहेर बसून मोकळी झाली, आणि दादा एस्टीतून उतरला त्या दिवशी मणी होता सहावा. हिरवा.

ते पाच दिवस मला विसरता येत नाहीत. दादा यायचा म्हटलं की एरवी वहिनीचा चेहरा उतरायचा. ती त्याच्या आवडीचं रांधायची, त्याच्यापुढे पाट मांडायची, आणि डोळ्यांत भीती असायची. त्या वर्षी ती फुगडी खेळली. गौरीच्या फुलांतला एक तुरा तिने स्वतःच्या अंबाड्यात खोवला. मला हळूच म्हणाली, "पाचीच्या पाची दिस हिरवे हायत वन्सं. देवानंच दिलान." लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि नवरा आल्याचा आनंद तिला पहिल्यांदाच होत होता.

गौरी-गणपती बोळवून दादा परत मुंबईला गेला. त्या दिवशी माळेवर पहिला लाल मणी आला. वहिनी तो सरकवताना हसली होती.

माळ संपली. वहिनी बाहेर बसली नाही. तिने सगळे मणी पुन्हा मागे लोटले आणि दोन दिवस वाट पाहिली, मग आठ दिवस. मला म्हणाली, "माजाच मोजायला चुकला असंल कुटंतरी." मी म्हटलं, असेल. आईने नवस बोलला. दिवाळीनंतर वहिनीने स्वतःहून पुन्हा शहरातला दवाखाना गाठला, सोबतीला मी. डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं. मोकळं करा म्हणून वहिनीने त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "कायद्यात बसत नाही. बाळंतपणाला आठ दिवस आधी इकडे या." आणि थोड्या चिडून, "सांगितलं होतं ना तुम्हाला?" हो, सांगितलं होतं. सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं.

आठ दिवस आधी जायचं ठरलेलं होतं. गाठोडं बांधून ठेवलं होतं. पण कळा पंधरा दिवस आधी आल्या, ज्येष्ठात, पेरण्या चालू असताना. मुलगी झाली, सुईणीच्या हातीच, रडली चांगली. मग वहिनीचं रक्त थांबेना. वाडीत पुरुष चार, त्यांतले दोन म्हातारे. त्यांनी डोली केली. मधला पऱ्या तांबड्या पाण्याने भरून वाहत होता. काठावर उभं राहून ते पाणी उतरायची वाट बघत होते, मी डोलीला धरून. भरदुपार होती. वहिनीने एकदाच विचारलं, "पोरीला दूद कोन देल?" पाणी उतरायच्या आत ती गेली. डोली तशीच मागे फिरली.

त्या वर्षी उन्हाळ्यातही जीप आली नव्हती आणि पावसात तर येणारच नव्हती. जीपला चिखल चालत नाही. आमची पोरं मात्र नेमकी चिखलात जन्मतात.

तुळशीचं लग्न झालं आणि दादाचंही झालं. पाच महिने थांबला होता, लोक म्हणाले, बराच थांबला. लहान पोरं, घरात बाई नको का? बाई हवीच. नवी वहिनी सतरा वर्षांची, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. तीही मला "वन्सं" म्हणायला लागली.

पौषात जीप आली. या वेळी घरोघर हिंडून विचारत होते, माळेचा उपयोग झाला का. आमच्या ओटीवर नर्सबाई आणि साहेब बसले. आई वहिनीची मुलगी कडेवर घेऊन उभी होती. साहेबाने तिच्या गालाला बोट लावलं, ती हसली. आईने आत जाऊन खुंटीवरून माळ काढली आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली, प्रसाद धरावा तशी. "सून गेली माझी," ती म्हणाली. "माळ नीट हाय."

बाईंनी खोदून खोदून विचारलं. रोज सरकवायची का? रोज. कोण सरकवायचं? तीच. पहिला मणी कधी? मी म्हटलं, न्हाऊन पाचव्या दिवशी, देवाजवळ होती ना. बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, पहिल्या दिवसापासून! चार दिवस सोडलेत होय? मग दहाव्या हिरव्याला खरा चौदावा दिवस! ते लालच होते, लाल!" आई आतल्या दाराशी पोरीला झोका देत होती. पुण्याकडची ती भराभर भाषा आणि ते आकडे तिला कळले नाहीत. मला कळले. बोटांवर मोजून पाहिले. दादाच्या पाच दिवसांतले चार लाल होते. माळेने वहिनीला हिरवे दाखवले होते.

बाई साहेबाला इंग्रजीत सांगत होत्या. साहेबाने मान हलवली आणि लिहिलं. बाई मला म्हणाल्या, "दोष माळेचा नाही. अडाणीपणा. सूचना पाळल्या नाहीत."

तेव्हा मला बोलता आलं नाही. आज बोलते. माळ तिच्या हातात होती ती कुणी दिली? सवय आहे म्हणून माळच द्यायची ठरवलीत, आणि माळ दिली की ती देवाजवळ जाते, हे तुमच्यातल्या एकालाही सुचलं नाही? बाई घरात कुठे बसते, कुठे बसू शकत नाही, नवरा कधी येतो, सही कोण करतं, हे विचारायला इंग्रजी लागत नाही. आणि चुकली ती तीच म्हणे! तिने एक मणी चुकवला नव्हता.

जाताना साहेबाने पिशवीतून नवीकोरी माळ काढली. आईच्या मागे नवी वहिनी उभी होती, पदर तोंडाशी धरून. साहेबाने माळ तिच्या हातात दिली आणि नमस्कार केला. बाई म्हणाल्या, "या वेळी पहिल्या दिवसापासून हं."

जीप गेली. आईने माळ नव्या वहिनीच्या हातातून घेतली, धुवायला म्हणून मोरीकडे वळली. मी आडवी गेले. जन्मात पहिल्यांदा मी आईच्या हातातून काही हिसकावून घेतलं. पडवीच्या टोकाला, घोंगडी पडलेली असायची तिथे गुरांच्या दाव्यांचा खिळा होता, त्यावर माळ अडकवली. आणि नव्या वहिनीला सांगितलं की मणी मोजत बस हवं तर, पण दादाला शिमग्याला आल्यावर मी त्या ऑपरेशनच्या कागदासमोर बसवणार आहे, म्हणजे तुझ्यावर कधी तशी वेळ आली तर कागद मुंबईला पाठवायला लागू नये. सहीच्या जागी नुसता अंगठा असला तरी चालतो, वहिनीबरोबर दवाखान्यात गेले तेव्हाच मी विचारून आले होते.

आई मागोमाग आली. खिळ्याकडे, शेणाकडे बघत उभी राहिली. तिला फार लागलं होतं.

"असा काय करतंस गो?" ती म्हणाली. "देवाजवल काय वाईट होती ती?"

बाकी कुणालाही मी त्या दिवशी उत्तर दिलं असतं. आईला दिलं नाही. ती पुढे तीस वर्षं जगली, वहिनीच्या मुलीचं लग्न तिनेच लावलं, आणि दर ज्येष्ठात म्हणायची, माळ देवाजवळ ठेवली तरी देवाने सुनेला राखलं नाही. मी प्रत्येक वेळी हो म्हणायची.